बोटं कापलेलं कार्ड

रविवार, ६ ऑगस्ट

भांडी तशीच सिंकमध्ये टाकून लिहायला बसले आहे. आधी हे लिहून काढते, नाहीतर आज माझ्या हातून धड काही व्हायचं नाही.

लॉइसला क्लीव्हची मुलगी सापडली! क्लीव्हला मुलगी आहे! आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. लॉइस म्हणजे माझ्या नवऱ्याची, व्हर्लिनची बहीण, आमच्या गावच्या हेरन्स ह्या बेसबॉल संघाच्या चाहता मंडळाची सर्वेसर्वा. वीस तारखेला मैदानावर जुन्या खेळाडूंचा दिवस आहे, त्यासाठी ती कम्प्युटरवर एकेकाला हुडकत बसली होती. क्लीव्ह तर जग सोडून गेला, पण त्याच्या नावाखाली ही पोरगी निघाली. पोरगी कसली, चाळिशीला आलेली बाई. नाव ओदेट. बाप गेल्यावर पुढच्या वसंतात जन्मली.

क्लीव्ह बोदरो, डाव्या हाताने चेंडू टाकणारा पिचर, लुइझियानाचा. १९८३ चा आख्खा उन्हाळा आमच्या तळघरातल्या खोलीत राहिला. मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या लीगच्या पोरांना पगार असा किती मिळणार, म्हणून आमच्या अ‍ॅल्डर फोर्ड गावात ती घरोघरीच राहतात. आम्हाला मूलबाळ झालं नाही, पण दर उन्हाळ्यात एकजण यायचा, खायचा, धुणं टाकायचा आणि सप्टेंबरात निघून जायचा. सगळ्यांचं प्रेमाने केलं. क्लीव्हचं मात्र निराळं होतं. पहिल्याच दिवशी मी दुधातला गोड भात वाढला, तर ह्याने तिखट सॉसची बाटली मागितली. साखर आहे म्हटल्यावर ताटाकडे बघून म्हणाला, "मिस आर्डिस, ह्या भाताने तुमचं काय वाकडं केलं होतं?" ऑगस्टपर्यंत तोच भात दोनदा मागून खायला लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मामाच्या कोळंबीच्या बोटीवर गेला आणि बोट वादळात बुडाली. एकवीस वर्षांचं पोर. वरच्या लीगपर्यंत पोचलाच नाही, त्यामुळे खेळाडूंच्या फोटोंची जी कार्डं लोक जमवतात, तसं त्याचं कार्ड एकच. आमच्या गावाने काढलेलं.

लॉइसने फोन लावून माझ्या हातात दिला. कार्डाचा विषय निघाला तशी ओदेट म्हणाली, "मिस आर्डिस, माझ्याकडे आहे एक, पण आमच्याकडचा दुकानदार म्हणतो ते नंतरचं छापलेलं. अस्सल मी कधी बघितलंसुद्धा नाही."

झालं, माझी जीभ सुटली. "अगं, अस्सल माझ्याकडे आहे. तुझ्या बापाने स्वतःच्या हाताने गठ्ठ्यातून उचलून दिलेलं. तू ये, मी ते माझ्या हाताने तुझ्या हातात ठेवते."

ती रडायलाच लागली. मीही. लॉइस तेवढी कोरडी, तिने लगेच वहीत नोंद केली.

व्हर्लिनला सांगितलं तर ह्या माणसाला आश्चर्य म्हणून वाटलं नाही. "येणार आहे का ती?" एवढंच. आणि गेला गवत कापायला. कालच कापलं होतं.

सोमवार, ७ ऑगस्ट

बोलून तर बसले. ते कार्ड पॅसेजमधल्या भिंतीवर आहे, तो गेला तेव्हापासून. दर शनिवारी काच पुसते. निजायला जाताना "बरं बाबा, झोप आता" म्हणते. हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, पण व्हर्लिनला माहीत आहे. तो कधी हसला नाही, ह्याबद्दल त्याला शंभर गुन्हे माफ.

ती जागा रिकामी कशी बघू? पण पोरीचा हक्क माझ्याआधी. दिला शब्द, दिला.

व्हर्लिन म्हणतो, "फ्रेमसकट दे. काढायचं कशाला?"

"फ्रेम जुनाट झालीय. कार्डांच्या दुकानात, ग्लेन शिमेककडे, जाड प्लास्टिकच्या डब्या मिळतात, तशातून देते."

"फ्रेमच छान दिसते," म्हणाला. मग परत, "उगाच काढू नकोस, आर्डिस." ह्याला कधीपासून सजावटीचं कळायला लागलं? हा माणूस घरातलं सगळं हिरव्या टेपने सांधतो. बागेची नळी, बादलीची कडी, एकदा माझ्या चष्म्याची काडी. त्या चष्म्याने मी ईस्टरला चर्चमध्ये गेले होते.

बुधवार, ९ ऑगस्ट

ग्लेनच्या दुकानात फ्रेम देऊन आले. ग्लेन शाळेत होता तेव्हा मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते. ह्याच्या ताटात मी कितीतरी वर्षं मटार वाढले आणि त्याने ते शेजाऱ्याच्या ताटात सरकवले. आता पन्नाशीचा झालाय, टक्कल पडलंय, पण मला बघून अजून पाठ ताठ करतो.

"मिसेस लिंडग्रेन, शुक्रवारी या. घाईत काढलं तर कोपरा दुमडेल."

फ्रेम त्याच्या टेबलावर पालथी ठेवून निघाले. पोर दवाखान्यात ठेवून आल्यासारखं वाटत होतं. घरी पॅसेजमध्ये भिंतीच्या कागदावर फिकट चौकोन उरलाय. व्हर्लिन त्या बाजूने जाणं टाळतो.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

कर्म माझं.

ग्लेनने दुकानाचं दार आतून लोटून घेतलं. कार्ड फ्रेमबाहेर काढून काळ्या कापडावर ठेवलं होतं. काय देखणं दिसत होतं! कडा सरळ, कोपरे टोकदार. मी म्हटलं, "बघ, जसं काही काल कापलंय."

"तिथेच तर घोडं अडलंय," ग्लेन म्हणाला. "बसता का जरा?"

मी नाही बसले. त्याने भिंग दिलं. "नावाची अक्षरं बघा." बघितली. सगळी ठिपक्याठिपक्यांची. मग खणातून त्याच सालच्या आमच्या संघातल्या कॅचरचं, चेंडू झेलणाऱ्याचं, कार्ड काढलं, मळकट, वेडंवाकडं. "आता हे बघा. फोटो ठिपक्यांचा आहे, पण अक्षरं भरीव काळी. पहिली छपाई अशी असते. तुमच्या कार्डात आख्ख्या जुन्या कार्डाचा फोटो काढून तोच छापलाय, म्हणून अक्षरंसुद्धा ठिपक्यांत गेली."

मग दिवा मालवून जांभळा दिवा लावला. कॅचर होता तसाच मळकट राहिला. माझा क्लीव्ह निळसर पांढरा झगमगला. एरवी मला आवडलं असतं.

"ह्या दिव्याखाली नवा कागदच असा चमकतो. मैदानावर नवे दिवे बसवायला मंडळाने अठ्ठ्याण्णव साली तोच संच पुन्हा छापून विकला होता, आठवतं? त्यातलं आहे हे. अस्सल संचात तर दोन कार्डं एका मापाची नसतात."

आठवतं की! फाटकापाशी त्या संचांचं टेबल व्हर्लिननेच लावलं होतं.

"तुझं भिंग खराब आहे," मी म्हटलं आणि कार्ड पर्समध्ये टाकून निघाले. फ्रेम तिथेच राहिली. गाडी चालू करायला तीनदा किल्ली फिरवावी लागली. काय तोंड दाखवू त्या पोरीला?

व्हर्लिनला सगळं सांगितलं. तो काटा हातात धरून ऐकत राहिला. ताटातली हॉटडिश तशीच टाकली. त्याची तब्येत मला ठीक वाटत नाही.

शनिवार, १२ ऑगस्ट

आज पुसायला काचच नाही. फडकं घेऊन पॅसेजमध्ये उभी राहिले आणि ग्लेनचं ते वाक्य डोक्यात फिरायला लागलं. दोन कार्डं एका मापाची नसतात. आणि एकदम सगळं आठवलं.

कशी असतील एका मापाची! आम्हीच तर कापली होती. टॉलेफ्सन डेअरीने जाहिरातीपोटी मोठाले ताव छापून दिले, कापायचे पैसे मंडळाकडे नव्हते. शाळेतलं कागद कापायचं लांब पात्याचं यंत्र चर्चच्या तळघरात आणलं आणि आम्ही बायका कापत बसलो. माझा हात कधीच सरळ नव्हता, मी भाजलेल्या फळांच्या पायच्या कडासुद्धा एका बाजूला झुकतात. क्लीव्ह शेजारी बसून माझ्या खजुराच्या वड्या संपवत होता. मी त्याचाच ताव कापत होते आणि पातं घसरलं. फोटोतल्या चेंडू धरलेल्या डाव्या हाताची बोटं शेंड्याला उडाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हा काय म्हणतो? "बेस्ट झालं, मिस आर्डिस! आता कुठला चेंडू टाकतोय ते समोरच्याला दिसायचंच नाही. हे तुम्ही ठेवा. मीच तुम्हाला देतोय."

म्हणजे माझं कार्ड बोटं कापलेलं! फ्रेमच्या आतल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली कडा दडली, म्हणून इतकी वर्षं ते दिसलंच नाही. पर्समधलं कार्ड काढून बघितलं. पाचही बोटं जागच्या जागी, नखांसकट.

म्हणजे बदललंय. कुणीतरी बदललंय! आणि कार्ड भिंतीवरून उतरून एकाच माणसाच्या हाती गेलं होतं, बुधवारपासून शुक्रवारपर्यंत.

व्हर्लिनला म्हटलं, "ग्लेनने अदलाबदल केली. माझ्या हातचे मटार खाऊन!"

"ग्लेन तसला माणूस नाही."

"मटार खाल्लेच नाहीत त्याने, तेही खरंच."

"आर्डिस, ग्लेन तसला माणूस नाही," परत तेच. चेहरा पांढरा पडला होता. दुपारी जेवला नाही. मैत्रीला जागणं मला समजतं, पण बायको रडतेय आणि हा कार्डवाल्याची बाजू घेतोय.

सोमवार, १४ ऑगस्ट

जाऊन आले. दुकानात गिऱ्हाईकं होती, असू देत म्हटलं. सगळ्यांसमोर विचारलं, "ग्लेन, माझं कार्ड कुठेय?"

"तुमच्याच पर्समध्ये असेल, मिसेस लिंडग्रेन."

"ते नाही. माझं. बोटं कापलेलं. चुपचाप काढ, मी कुणाला काही बोलणार नाही." हे मी अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलत होते.

त्याचे कान लाल झाले. शाळेतही असेच व्हायचे. त्याने उलटून एक शब्द काढला नाही. मागून फ्रेम आणली आणि तिची पाठ दाखवली. "मी फक्त वरचा तपकिरी कागद कापला. ही माझी ताजी चीर. पण कागदाखाली ही बघा, जुनी चीर. कुणीतरी फार पूर्वी उघडून परत चिकटवलंय, वरून नवा कागद लावलाय. टेपचा डिंक वाळून भुगा झालाय. ही दोन दिवसांची गोष्ट नाही."

टेप हिरवी होती.

हिरवी टेप गावात कुणाकडे नसते? हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशेजारी ढीग असतो. ग्लेननेसुद्धा तिथूनच घेतली असणार. डिंक काय, केस वाळवायच्या यंत्राने अर्ध्या तासात वाळतो. मी काही त्याला तसं म्हटलं नाही. मला एकदम बाहेरची हवा हवीशी वाटली, फ्रेम काखेत मारून निघाले.

गाडीत बसले आणि मग लक्षात आलं. एका माणसाला भर दुकानात चोर म्हणून आले. तो चोर असेल तर ठीक. नसेल तर?

मंगळवार, १५ ऑगस्ट

लॉइस आली होती. तिला कळलंच होतं, एव्हाना सगळ्या गावाला कळलंय.

"तू डोक्याला कशाला ताप करून घेतेस? जे आहे ते डबीत घालून दे. फोटो तोच, माणूस तोच. ती काय भिंग घेऊन येणार आहे?"

"तिच्याकडे तसलं एक आधीच आहे, लॉइस. तिला दुसरं तसलंच देऊ?"

"मग सांग, हरवलं."

"चाळीस वर्षं भिंतीवर टांगलेलं हरवतं कसं?"

"वयाने," लॉइस म्हणाली. हिच्यापुढे कोण बोलणार!

तिला सोडायला बाहेर पडले तर मुख्य रस्त्यावर ग्लेनच्या दुकानासमोर आमचा पिकअप ट्रक. व्हर्लिन आत, ग्लेनशी बोलतोय, टोपी हातात. हा टोपी फक्त चर्चमध्ये आणि मयताला काढतो. घरी आल्यावर विचारलं, काय काम होतं? म्हणाला, "सहज." ह्या माणसाने त्र्याहत्तर साली मला लग्नाचं विचारलं तेव्हाही "सहज आलो होतो" म्हणाला होता.

अजून जेवत नाही. उद्याच डॉक्टरची वेळ घेते. एक शब्द दिलेला मोडायच्या बेतात, एक माणूस दुखावलेला आणि वर नवऱ्याच्या पोटात काहीतरी. सगळं एकाच आठवड्यात यायचं होतं.

गुरुवार, १७ ऑगस्ट

डॉक्टरकडे मंगळवारची वेळ मिळाली. ते सांगायला गॅरेजमध्ये गेले, तर व्हर्लिन एका खोक्यावर नुसताच बसला होता.

"आर्डिस, मला तुला एक सांगायचंय."

मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "डॉक्टरला सांग! मंगळवारी अकरा वाजता. माझ्यापाशी काही बोलू नकोस, एक संकट निस्तरू दे आधी."

"पोटाचं नाही गं."

"मग छातीचं? अरे देवा!"

तो म्हणाला, "जाऊ दे. कॉफी आहे का?" आधी त्याला कॉफी दिली. मग मी न्हाणीघरात जाऊन रडले.

ओदेटला फोन करायला तीनदा हातात घेतला. येऊ नकोस म्हणू? अस्सल नाहीये म्हणू? ती उद्या गाडीने निघतेय, दोन दिवसांचा रस्ता. बापाला तिने पाहिलं नाही, बापाने तिला पाहिलं नाही. दोघांमध्ये एक पुठ्ठ्याचा तुकडा होता, तो माझ्याकडे सांभाळायला दिला होता आणि मी तो घालवला. मुलं असती तर त्यांचंही मी असंच केलं असतं का, हेसुद्धा मनात येऊन गेलं.

ठरवलंय. लॉइसचं ऐकायचं नाही. तोंडावर खरं सांगायचं आणि काय व्हायचं ते होऊ द्यायचं.

शनिवार, १९ ऑगस्ट

नीट क्रमाने लिहिते. उद्या मलाच हे खरं वाटणार नाही.

ओदेट दुपारी आली. दार उघडलं तर दारात जणू क्लीव्हच. तेच रुंद कपाळ, तीच उभं राहायची ढब, एका पायावर भार टाकून. "मिस आर्डिस?" म्हणाली, सूरसुद्धा तोच. मी तिला घट्ट धरलं. व्हर्लिन मागे दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

टेबलावर कणसं, हॅम आणि मुद्दाम केलेला गोड भात. तिने पर्समधून तिखट सॉसची बाटली काढली. आपली स्वतःची घेऊन फिरते! मला हसू आवरेना, आणि त्या हसण्यातच मी सांगून टाकलं. "ओदेट, पोरी, मी तुला तोंडभर शब्द दिला. पण माझ्याकडचं अस्सल नाही निघालं. अस्सल कुठे गेलं मला माहीत नाही. माफ कर मला."

तिने आधी बाटली खाली ठेवली. मग माझ्या हातावर हात ठेवला. "मग काय झालं? आपल्या दोघींकडची सारखीच म्हणायची. थांबा, दाखवते माझं."

पर्समधून काढलं. मऊ पडलेलं, कोपरे झिजलेले. "बॅटन रूजला दुकानदार म्हणाला, अस्सल असतं तर माप बरोबर असतं. हे कुणीतरी घरी कात्रीने कापलंय. बघा ना, बाबांची बोटंच नाहीत."

मी बघितलं. चेंडू होता, हात होता आणि बोटांचे शेंडे नव्हते.

"हे तुला कुठे मिळालं?" मी विचारलं.

"आईला पोस्टाने आलं. मी शाळेत होते. पुरात आमचं सगळं गेलं होतं, त्यानंतर. पाठवणाऱ्याचं नाव नाही, काही नाही. दोन पुठ्ठ्यांत घालून हिरव्या टेपने असं गुंडाळलं होतं की आईला सुरी घ्यावी लागली."

मी मान वळवली. व्हर्लिन कणीस हातात धरून बसला होता आणि त्याचे डोळे भरून वाहत होते. त्याच्या पोटात काय होतं ते माझ्या तेव्हा डोक्यात शिरलं. मूर्ख बाई मी! डॉक्टरची वेळ घेतली!

"कधी?" मी विचारलं.

"दिव्यांच्या वर्षी. तू बहिणीकडे गेली होतीस. नोएलाचा फोन आला, हिच्या आईचा. म्हणाली, पोरगी बापाबद्दल विचारते आणि दाखवायला घरात एक चित्र उरलं नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस! क्लीव्हला मूल आहे, हे तुला इतकी वर्षं माहीत होतं!"

"तिने शब्द घेतला, आर्डिस. नवं लग्न झालं होतं तिचं. नवऱ्याला क्लीव्हचं नाव खपत नव्हतं. एक चित्र पाठवा म्हणाली, आणि पुन्हा फोन नको, कुणी यायला नको. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गाडी काढून लुइझियानाला निघाली असतीस."

निघाले असते. त्याच दुपारी निघाले असते.

"मग नवं छापलेलं पाठवायचंस! तुझ्याच टेबलावर ढीग पडला होता!"

"तेच घेऊन पोस्टात गेलो होतो. रांगेत उभा राहिलो, नंबर आला, आणि परत घरी आलो." टोपी नव्हती, तर रुमालच हातात पिळत होता. "हे त्याने हातात धरलं होतं ना. पोरीला बापाचं तेवढं तरी. आपण त्याला उन्हाळाभर बघितलं होतं, तिने काहीच नव्हतं बघितलं. आणि तू रोज त्या फ्रेमशी बोलायचीस, तर भिंत रिकामी कशी ठेवू? म्हणून ते दुसरं लावलं. मंगळवारी ग्लेनकडे जाऊन सांगून आलो. तो म्हणाला, आधी बायकोला सांगा."

ओदेट एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग तिने कार्ड उचललं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "मग हे तुमचं आहे, मिस आर्डिस. तुमच्या घरातून गेलेलं."

मी ते घेतलं. खोटं कशाला लिहू, घट्ट धरलं. व्हर्लिनशी त्यानंतर एक शब्द बोलले नाही. जेवताना मीठ हवं होतं तेही ओदेटकडून मागवलं. रागावले आहे मी. पंचवीस वर्षं त्या पोरीला वाढदिवसाला केक पाठवता आला असता. आणि तरीही त्या पोस्टाच्या रांगेतून परत फिरलेला हा माणूस डोळ्यांपुढून हलत नाही.

रविवार, २० ऑगस्ट

सकाळी आधी ग्लेन. मैदानाच्या फाटकाशी त्याचं टेबल होतं, भोवती माणसं. चोर म्हणताना आवाज चढवला होता, तेव्हा आजही तेवढाच चढवला. "ग्लेन शिमेक, मी चुकले. तुझ्यावर नाही नाही ते बोलले. हा मी भाजलेला रुबार्ब पाय तुझ्यासाठी. मटार घातलेले नाहीत."

कान परत लाल. "बास करा, मिसेस लिंडग्रेन, गिऱ्हाईकं पळतील."

मग त्याने ओदेटचं कार्ड भिंगाखाली धरलं आणि तिला बोलावलं. "अक्षरं बघा. भरीव. हे पहिल्या छपाईचं." कोपऱ्यावरून अंगठा फिरवून म्हणाला, "बाजारात ह्याला कोणी विचारायचं नाही. माप नाही, बोटं नाहीत."

"मला बाजारात न्यायचंच नाही," ओदेट म्हणाली. मग तिला आठवलं की ते आता माझं आहे आणि ती गप्प बसली. ते मी बघितलं.

खेळाआधी जुन्या खेळाडूंना मैदानात उभं केलं. पोटं सुटलेली, गुडघे गेलेले आमचे सगळे. मोसमाच्या शेवटी यजमान घरची बाई आपल्या खेळाडूला रस्त्यासाठी डबा देते, तसे आजही डबे आणायचे ठरलं होतं. क्लीव्हच्या जागी ओदेट उभी होती, त्याच्या नंबराचा शर्ट घालून, एका पायावर भार टाकून. भोंग्यावर त्याचं नाव पुकारलं, "क्लीव्ह बोदरो!" आणि सगळं मैदान टाळ्या वाजवत उठलं.

आम्ही दोघं तिच्यासमोर जाऊन उभे राहिलो. कार्ड माझ्या हातात होतं. रात्रभर उशाशी ठेवलं होतं, सकाळी परत फ्रेमपाशी धरून बघितलं होतं. काल ती म्हणाली "तुमचं" आणि माझ्या मनाने ते अगदी पटकन मान्य केलं होतं. टाळ्या चालू होत्या. तिचे हात रिकामे होते.

"मी तुला शब्द दिला होता," मी म्हटलं. "अस्सल माझ्या हाताने तुझ्या हातात ठेवीन म्हणून. हे घे."

तिच्या तळव्यावर ठेवलं आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

खेळ संपल्यावर तिची गाडी भरली. डब्यात खजुराच्या वड्या आणि उरलेला गोड भात. फ्रेम घरी परत भिंतीवर गेलीय, आत तो पाच बोटांचा. शनिवारी पुसीन. डब्याचं झाकण वाटेत उघडेल म्हणून व्हर्लिन खिशातून टेप काढून त्याला गुंडाळायला लागला, हिरवी, कडेकडेने दाबत. मी शेजारी उभी राहून बघत होते.

"अजून एक वेढा दे," मी म्हटलं. "लांब जायचंय तिला."

काल दुपारपासून मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्याने दोन वेढे दिले.